भाचीला आंतरराष्ट्रीय संबंध / राष्ट्रीय सुरक्षेत एम.ए. करायचंय – खान्देशातून वाट कशी काढावी?

सातपुडापायथा

नमस्कार मंडळी.

भाची चोपड्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय राज्यशास्त्र. पुढे तिला आंतरराष्ट्रीय संबंध किंवा राष्ट्रीय सुरक्षा या विषयात एम.ए. करायचं आहे. दहावीपासून पेपरातलं परराष्ट्राचं पान आधी उघडणारी मुलगी. युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा आपल्याकडे खताचे भाव का चढले, हे घरात सगळ्यांना तिनंच समजावून सांगितलं होतं. हौस चार दिवसांची नाही याची मला खात्री आहे.

घरात दोन तट पडलेत. दाजींचं म्हणणं होतं, बी.एड. कर नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव, हे दिल्लीवाल्यांचं शिक्षण आपल्या काय कामाचं. ताई म्हणते, "मनी आंडेर हुशार शे, तिले शिकू द्या" (माझी पोर हुशार आहे, तिला शिकू द्या). त्यात एका परदेशी शिक्षणाच्या सल्लागारानं लंडनच्या एका वर्षाच्या एम.ए.चं पत्रक हातात दिलं. तेव्हापासून दाजी शेतावर कर्ज काढायची भाषा करताहेत, कारण परदेशी पदवी म्हणजे नोकरी पक्की असं त्यांना सांगण्यात आलंय.

या विषयात नक्की काय शिकवतात, चांगलं कुठं शिकवतात, पुढे पोट कशावर भरतं आणि कर्ज काढण्यात अर्थ आहे का? ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. ती स्वतः हा धागा वाचणार आहे.

---

गिरणाकाठ

मी चाळीसगावचा. पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागातून एम.ए. केलं, आता पुण्यातच एका कंपनीत जोखीम विश्लेषणाचं काम करतो. सविस्तर लिहितो.

आधी विषयाबद्दल. तुम्ही दोन्ही नावं एका दमात घेतलीत, पण अभ्यासक्रम निवडताना ती वेगळी ठेवा. आंतरराष्ट्रीय संबंधांत देशादेशांमधला व्यवहार येतो: सिद्धांत, राजनयाचा इतिहास, आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रं, व्यापार, आणि एखाद्या प्रदेशाचा खोल अभ्यास. सुरक्षा अभ्यासात युद्ध आणि त्याची कारणं, अण्वस्त्रं, गुप्तवार्ता, सीमा, अंतर्गत सुरक्षा, सागरी सुरक्षा, संरक्षणाचं अर्थकारण असं येतं. दोन्हींचा बराच भाग सामाईक आहे, पण रोजचं वाचन वेगळं पडतं. भाचीला विचारा, तिला भारत आणि इराण यांच्यातला करार वाचायला आवडतं, की लष्कराची रचना आणि संरक्षणाचा अर्थसंकल्प? उत्तर आलं की निम्मी निवड झाली.

पुण्याचा आमचा विभाग देशातल्या जुन्या विभागांपैकी एक आहे. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा व संरक्षण विश्लेषणाचं राष्ट्रीय केंद्रही विद्यापीठातच आहे. वर्गात लष्करातले अधिकारी, यूपीएससी करणारे आणि गावाकडून आलेली आमच्यासारखी पोरं एकत्र बसायची. त्याचा फार उपयोग होतो. चीनच्या सीमेवर प्रत्यक्ष राहून आलेला माणूस शेजारी बसलेला असला, की पुस्तकातल्या नकाशात चढ, थंडी आणि रसद दिसू लागते. सरकारी विद्यापीठाचं शुल्क सामान्य घराला झेपतं. शिकवणं मात्र इंग्रजीत, आणि पहिलं सत्र मराठी माध्यमाच्या मुलाला जड जातं हे खरं आहे.

आता नोकरी. ही पदवी घेतली की अमुक पदावर नेमणूक, असं काही नसतं. दिल्ली-मुंबईच्या संशोधन संस्थांत संशोधन सहायकाच्या जागा असतात. बहुतेक कंत्राटी, पगार बेताचा, पण कामाला मान आहे आणि नाव तयार होतं. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या पुणे, बंगळुरू, हैदराबादला सुरक्षा नियंत्रण कक्ष चालवतात. कुठं दंगल झाली, कुठं बंदर बंद पडलं, आपली माणसं कुठं अडकलीत, हे चोवीस तास बघणारे विश्लेषक त्यांना लागतात. पाळी असते, रात्रपाळीही असते, पण पगार नियमित. जहाज कंपन्या, विमा, निर्यातगृहं, पत्रकारिता इथंही शिरकाव होतो. प्राध्यापकीचा मार्ग आहे, पण भरती संथ आणि 'संरक्षणशास्त्र' हा विषय असलेली महाविद्यालयं महाराष्ट्रात थोडीच आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की या क्षेत्रात पदवीपेक्षा तुमचा प्रश्न कोणता हे जास्त चालतं. मुलाखतीत "मला भूराजकारणात रस आहे" असं सगळेच म्हणतात. "मी तीन वर्षं इराणजवळच्या होर्मुझ सामुद्रधुनीतल्या मालवाहतुकीवर नजर ठेवून आहे" असं म्हणणारा एखादाच निघतो, आणि त्याला बोलावतात.

---

वाचनमात्र

वाचतोय. माझाही मुलगा याच वळणावर आहे.

---

वरणगावकर

मी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो. दाजींना माझ्याकडून सांगा, राष्ट्रीय सुरक्षा दिल्लीत सुरू होत नाही. भुसावळचा आयुधनिर्माणी कारखाना आणि आमचा वरणगावचा, दोन्ही आपल्या जिल्ह्यात. बंदुकीच्या गोळ्या आमच्या हातून गेल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. वरणगाव म्युनिशन्स इंडियात गेलं, भुसावळ यंत्र इंडियात. तो बदल का केला, त्यानं उत्पादन वाढलं का, कामगाराचं काय झालं, सैन्याला माल वेळेवर मिळतो का, यावर आमच्या भागातल्या एकाही मुलानं किंवा मुलीनं अभ्यास केलेला मी पाहिला नाही. बाहेरचे लोक अहवाल लिहितात आणि आमच्या वसाहतीत कुणाशी बोलतही नाहीत.

भाची आली तर जुने कामगार तिच्याशी बोलतील. गुप्ततेच्या गोष्टी कुणी सांगणार नाही आणि तिनं विचारूही नयेत. पण कामगार वसाहत कशी उभी राहिली, मागणी कमी-जास्त झाली की गावातली बाजारपेठ कशी हलते, हे सांगायला आमच्याकडे वेळच वेळ आहे.

---

केळीबाग

रावेर तालुक्यातून. शिक्षणातलं मला फार कळत नाही, पण वर गिरणाकाठ दादांनी होर्मुझचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

आमची केळी न्हावाशेवाहून आखाती देशांत जाते, इराणलाही जाते. शीतकंटेनरमध्ये साडेतेरा अंशांच्या आसपास तापमान ठेवून माल निघतो. बंदर अब्बास हे इराणचं बंदर त्या सामुद्रधुनीवरच आहे. तिकडं तणाव वाढला की इथं व्यापारी फोन उचलत नाही. बागेत घड कापणीला आलेला असतो, तो थांबत नाही. शिवाय माल पोचला तरी इराणकडून पैसे सुटायला किती उशीर होतो ते निर्यातदाराला विचारा. अमेरिकेच्या निर्बंधांमुळं बँका व्यवहार करायला धजत नाहीत असं आम्हाला सांगतात. ते नक्की कसं चालतं, हे आम्हाला समजेल अशा भाषेत सांगणारं माणूस आजवर भेटलं नाही. तुमच्या भाचीनं ते शिकून आम्हाला सांगितलं तर तिचं शिक्षण आमच्या कामाचं आहे, मी तिच्या बापाला येऊन सांगतो.

---

धुळ्याची लेक

केळीबाग दादा, तुमचा प्रश्न म्हणजे एका प्रबंधाचा विषय आहे. थोडक्यात सांगते. भारत पूर्वी इराणकडून तेल घ्यायचा आणि त्या पैशाचा एक भाग भारतातल्या बँकेत रुपयांत जमा राहायचा. इराण तोच रुपया वापरून आपल्याकडून तांदूळ, चहा, औषधं घ्यायचा. अमेरिकेनं निर्बंधांतून दिलेली सवलत मे २०१९ मध्ये संपली आणि भारतानं इराणी तेल थांबवलं. तेल थांबलं तशी त्या खात्यात भर पडेना, आणि साठा आटत गेला. डॉलरचा रस्ता निर्बंधांमुळं बंद. म्हणून पैसे फिरून फिरून येतात. इराणच्या चाबहार बंदरासाठी भारतानं १३ मे २०२४ रोजी दहा वर्षांचा करार केला, तोही याच निर्बंधांच्या सावलीत. तेल, बंदर आणि तुमची केळी हा एकच धागा आहे.

आता मामांसाठी. मी दिल्लीत जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रशालेत पीएच.डी. करते आहे. ही प्रशाला १९५५ साली स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत विलीन झाली. इथं प्रदेशानुसार केंद्रं आहेत: पश्चिम आशिया, दक्षिण आशिया, पूर्व आशिया, रशिया-मध्य आशिया, आफ्रिका, युरोप वगैरे. राष्ट्रीय सुरक्षा अभ्यासाचं एक विशेष केंद्रही विद्यापीठात आहे. प्रवेश सीयूईटी पीजी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेतून होतो. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा मार्चच्या सुमारास, ७५ बहुपर्यायी प्रश्न. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. हे आधीच कळलेलं बरं. एकाच परीक्षेवर गुजरात केंद्रीय विद्यापीठ, पाँडिचेरी अशा ठिकाणीही अर्ज करता येतो.

राहण्या-खाण्याचा खर्च वसतिगृह मिळालं तर कमी. ते मिळेपर्यंत दिल्लीत बाहेर खोली घेणं महाग पडतं, तेवढी तरतूद घरून हवी.

नेट या प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीच्या पात्रता परीक्षेबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. यूजीसी नेटला 'संरक्षण व सामरिक अभ्यास' हा स्वतंत्र विषय आहे, राज्यशास्त्र वेगळं, आणि 'आंतरराष्ट्रीय व क्षेत्र अभ्यास' हाही वेगळा. त्या परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला, की महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. माझ्या घरी हा आकडा ऐकल्यावर लग्नाचा विषय काही वर्षं मागे पडला. भाचीच्या घरीही उपयोगी पडेल.

---

टेम्सकाठचा जळगावकर

मी दुसरी बाजू मांडतो, कारण धाग्यावर परदेशाला कुणी वकील दिसत नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युद्ध अभ्यास विभाग या विषयात जगभर मान्य आहे. सिंगापूरची राजरत्नम प्रशाला, जिनिव्हाची पदव्युत्तर संस्था, अमेरिकेत जॉर्जटाउन, ही सगळी खरोखर मोठी नावं आहेत. मी स्वतः इथं एम.ए. केलंय. ग्रंथालय, अभिलेखागार, जगभरातले वर्गमित्र, प्राध्यापकाशी वाद घालायची मुभा, हे सगळं मिळालं. जळगावच्या मुलाला आपण कुणापेक्षा कमी नाही हे इथं येऊन कळलं. मुलगी हुशार आहे तर तिला पंख छाटून पुण्यालाच का थांबवता?

एक वर्षात पदवी होते, म्हणजे वेळही वाचतो.

---

गिरणाकाठ

भाऊ, पुणे म्हणजे पंख छाटणं नव्हे. आणि तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून एक प्रश्न विचारतो: खर्च कुणी केला?

---

टेम्सकाठचा जळगावकर

निम्मा शिष्यवृत्तीतून, निम्मा वडिलांनी. वडील डॉक्टर आहेत. प्रश्न रास्त आहे.

---

धुळ्याची लेक

इथंच खरी गोम आहे, म्हणून आकडे मांडते. लंडनमध्ये या विषयाच्या एम.ए.चं परदेशी विद्यार्थ्याचं शुल्कच तीस हजार पौंडांच्या घरात जातं. आजच्या भावानं पस्तीस लाख रुपये धरा. त्यावर लंडनचं राहणं.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट दाजींना सांगा. अभियांत्रिकी किंवा संगणकाची पदवी घेऊन माणूस परदेशात नोकरी करू शकतो. राष्ट्रीय सुरक्षेचं तसं नाही. ब्रिटनच्या गुप्तचर संस्थांना ब्रिटिश नागरिक लागतो, अमेरिकेत गोपनीय कामाची परवानगी अमेरिकी नागरिकाला मिळते. संरक्षण मंत्रालयाचं काम, शस्त्र कंपन्यांची संवेदनशील कामं, सगळीकडे हीच भिंत. म्हणजे ज्या नोकऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम तिथं प्रसिद्ध आहे, त्यातल्या बऱ्याच भारतीय मुलीसाठी बंद आहेत. उरतात खासगी सल्लागार कंपन्या आणि विद्यापीठं. त्यात ब्रिटननं पदवीनंतर राहायचा व्हिसा दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणायचं ठरवलंय, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ते लागू होईल. तेवढ्या काळात पौंडांत कर्ज फेडण्याइतकी नोकरी मिळेल, या भरवशावर शेत तारण ठेवू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते. सल्लागाराच्या पत्रकात हे वाक्य नसणार.

परदेश नकोच असं मी म्हणत नाही. पूर्ण शिष्यवृत्तीवर जावं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती योजनेत सुरक्षा, गुप्तवार्ता व सामरिक अभ्यासाचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, ग्लासगो, डब्लिन, प्राग अशी विद्यापीठं त्यात आहेत. दोन्हींसाठी आधी इथं एम.ए., थोडं काम, एखादा छापलेला लेख, असा पाया झाला की अर्जात वजन येतं. पुणे किंवा दिल्ली आधी आणि लंडन नंतर, हा क्रम मला बरा वाटतो.

---

टेम्सकाठचा जळगावकर

नागरिकत्वाचा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे. माझ्या वर्गातले भारतीय बहुतेक परतले किंवा दुसऱ्या क्षेत्रात गेले. कर्ज काढून या, असं मीही म्हणणार नाही. शिष्यवृत्तीच्या निबंधात मदत हवी असेल तर जरूर कळवा, मी वाचून देईन. "लहानपणापासून देशसेवेची आवड" अशा वाक्यानं सुरुवात करू नका एवढं आत्ताच सांगतो. काय वाचलं, काय शोधलं आणि परत येऊन कुठं काम करणार, ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

---

अक्राणी

मी धडगावचा, पावरा समाजातला. राज्यशास्त्रात एम.ए. करतोय.

शिष्यवृत्त्यांचा विषय निघाला म्हणून भर घालतो, हा धागा वाचणाऱ्या आमच्या भागातल्या मुलांसाठी. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या जनजाती कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला २० जागा. अनुसूचित जातीसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अटी दर वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता आधीच काढून ठेवा. नंदुरबारच्या कितीतरी मुलांचं घोडं वैधता प्रमाणपत्रावर अडतं, गुणांवर नाही.

दुसरं म्हणजे विषयाबद्दल. सुरक्षा अभ्यासाच्या पुस्तकांत बंडखोरी मोडण्याचे दाखले मलाया आणि व्हिएतनामचे असतात. आमच्या खान्देशात १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. डोंगरातल्या लोकांना शस्त्र, पगार आणि गणवेश देऊन त्यांच्याच मुलखाचा बंदोबस्त त्यांच्याकडून करवून घेणं, हे धोरण इंग्रजांनी इथं राबवलं. माझ्या पणज्याच्या पिढीपर्यंत त्याच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला यश म्हणून लिहून ठेवलं. आमच्या बाजूनं ते कसं दिसलं हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. मी त्यावरच लघुप्रबंध करतो आहे. सुरक्षा कुणाची आणि कुणापासून, हा प्रश्न विचारायचा हक्क आम्हाला या विषयानं दिला. म्हणून मला तो प्रिय आहे.

---

पाटीलसर अमळनेर

अक्राणी, मन भरून आलं वाचून. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन या. आणि असीरगड-बुऱ्हाणपूरकडेही बघा. उत्तरेतून दख्खनेत उतरणारा रस्ता त्या किल्ल्याच्या नजरेखालून जायचा, म्हणून तर अकबरानं एवढा वेढा घालून १६०१ मध्ये तो घेतला आणि फारुकींचं खान्देश संपलं. भूगोल आणि सत्ता यांचं नातं शिकवायला मी वर्गात दुसरं उदाहरण घेतच नाही. असो, हे माझ्या आवडीचं, जरा वाहवत गेलो.

मी राज्यशास्त्र शिकवतो. दर वर्षी दोन-तीन मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे मामांना तयारीबद्दल सांगतो. मुलीच्या हातात अजून काही महिने आहेत.

यूट्यूबवरची भूराजकारणाची भाषणं कमी करावीत. त्यात मत फार आणि माहिती थोडी असते, आणि ऐकणाऱ्याला आपण अभ्यास केला असं वाटत राहतं. त्याऐवजी मूळ कागद वाचावेत. परराष्ट्र मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, संसदेच्या परराष्ट्र आणि संरक्षण विषयक स्थायी समित्यांचे अहवाल, लोकसभेतले प्रश्न-उत्तरं, हे सगळं फुकट उपलब्ध आहे. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था १९६६ पासून शस्त्रव्यवहारावर काम करते. कोणत्या देशानं कुणाकडून काय घेतलं याची त्यांची माहिती कुणालाही पाहता येते. भारतानं रशियाकडून, फ्रान्सकडून, अमेरिकेकडून दहा-दहा वर्षांत काय घेतलं याचा तक्ता तिनं स्वतः काढावा. हातानं काढलेला एक तक्ता दहा भाषणांपेक्षा जास्त शिकवतो.

इंग्रजीची भीती खरी आहे, पण तिचं ओझं करू नये. रोज एक पान इंग्रजी वाचून त्याचा सारांश आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहायचा. माझे विद्यार्थी एवढ्यावर तरले आहेत. मराठीत विचार पक्का असला की इंग्रजी वाक्य साधं येतं, आणि साधं वाक्यच परीक्षकाला आवडतं.

आकडेशास्त्राची थोडी ओळख आणि एक परकीय भाषा, या दोन गोष्टींनी आपली मुलं दिल्लीच्या मुलांच्या बरोबरीला येतात. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी शिकवतात. जेएनयूत फारसी, अरबी, चिनी आहे.

आणि कोणी यूपीएससीचा विषय काढला नाही म्हणून. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा मुख्य परीक्षेचा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर मिळून ५०० गुण, आणि मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. परराष्ट्र सेवेसाठी एम.ए. लागत नाही, पदवी पुरते. तेव्हा केवळ यूपीएससीसाठी एम.ए. करू नये. एम.ए. मनापासून करावं, परीक्षेला त्याचा आधार होतो.

---

माजी सुभेदार

ज्यांना गणवेशात जायचंय त्यांनी एम.ए.ची वाट बघू नये, वय निघून जातं. मुलींसाठी सीडीएस या भरती परीक्षेतून चेन्नईच्या लष्करी अधिकारी प्रशिक्षण अकादमीचा रस्ता आहे, हवाई दलासाठी एएफकॅट ही परीक्षा आहे. खडकवासल्याच्या एनडीएमधून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. भाचीला लिहिण्या-वाचण्याचं काम आवडत असेल तर तेही देशाचंच काम आहे. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, दिल्लीत संरक्षण अभ्यास संस्था उघडली ती याचसाठी, की लढणाऱ्याबरोबर विचार करणाराही हवा. आज तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे.

---

जि.प. शिक्षिका, शहादा

सगळी चर्चा वाचली. आईच्या नजरेतून दोन गोष्टी.

नंदुरबार भागातल्या पालकांना गुजरात जवळ पडतं. गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, २०२० च्या कायद्यानं त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पोलीस, सायबर, सीमा, सामरिक भाषा असे विषय तिथं आहेत. माझ्या शेजारणीची मुलगी तिथं आहे, शिस्त कडक आहे आणि ती खूश आहे. शुल्क मात्र पुण्यापेक्षा जास्त, ते आधी बघा.

दुसरं, मुलगी पाठवताना एकदा कुणीतरी सोबत जाऊन वसतिगृह, खाणावळ, ग्रंथालय डोळ्यांनी पाहून या. वडिलांनी जावं. वडिलांनी एकदा ग्रंथालयात बसलेल्या मुली पाहिल्या की घरातला अर्धा विरोध तिथंच संपतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

---

कापूसकरी

वर केळीचं बोलणं झालं, कापसाचंही बोला. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्याच महिन्यात केंद्रानं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं आणि सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. गिरणीवाल्याला वाचवायला शेतकऱ्याचं दार उघडलं. त्या हंगामात पारोळा-एरंडोलकडं खेडा खरेदीचा, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तो भाव काय बोलला गेला हे कुणी लिहून ठेवलंय का? भाचीनं हे लिहावं. वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि आमच्या ओसरीत पडलेल्या कापसाचा भाव पडतो, हा आंतरराष्ट्रीय संबंध नाही तर काय.

---

गिरणाकाठ

कापूसकरी काका, अगदी हाच प्रश्न घेऊन कुणी पुण्याच्या मुलाखतीला आलं तर तो लक्षात राहील. शुल्काची अधिसूचना, कापूस महामंडळाची खरेदी, बाजार समितीतले रोजचे भाव, हे तिन्ही कागद मिळवता येतात. ओसरीतला भाव तेवढा फिरून गोळा करावा लागेल, आणि ते काम दिल्लीत बसलेला अभ्यासक करू शकत नाही. भाची करू शकते, तिला भाषा येते आणि माणसं ओळखीची आहेत.

---

सातपुडापायथा

मंडळी, मनापासून आभार. काल ताईच्या घरी बसून हा सगळा धागा दाजींना मोठ्यानं वाचून दाखवला. नागरिकत्वाचा मुद्दा आला तेव्हा त्यांनी परत वाचायला लावलं. कर्जाचा विषय बाजूला ठेवलाय. भाची सीयूईटी पीजीचा अर्ज भरणार आहे, पुण्याची प्रवेश परीक्षाही देणार आहे. पुण्याला दाजी स्वतः सोबत जाणार आहेत.

प्रश्नाबद्दल तिचं आणि माझं रात्री बरंच बोलणं झालं. कापूस तिच्या घरचाच आहे, पण तिचा ओढा इराणकडं दिसतोय. केळी, होर्मुझ, चाबहार आणि अडकलेले पैसे. धुळ्याच्या ताई, जेएनयूत एम.ए. करताना फारसी सोबत शिकता येते का? आणि केळीबाग दादा, तिला एकदा निर्यातीची भरणी बघायला यायचंय, चालेल का?

---

धुळ्याची लेक

विद्यापीठात फारसीचं केंद्र आहे, आणि दुसऱ्या प्रशालेचे पेपर घ्यायची सोयही असते. मात्र प्रवेश झाल्यावर आपल्या केंद्राच्या प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं, नंतर वेळापत्रक जुळत नाही. तोवर लिपी तरी शिकून ठेवायला सांगा. उर्दू येणारं कुणी चोपड्यात नक्की भेटेल, लिपी बरीचशी तीच आहे. ती दिल्लीला आली तर पहिले काही दिवस माझ्या खोलीवर राहू शकते.

---

केळीबाग

चालेल काय, यायलाच पाहिजे. दाजींनाही आणा. पॅकहाऊसवर घड उतरवणं, धुणं, वजन, पेटी भरणं सगळं बघता येईल. निर्यातदाराला सांगून ठेवतो, तो वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि कंटेनरचे बाकीचे कागद दाखवेल. पैसे कोणत्या देशातून, कोणत्या बँकेतून फिरून येतात तेही त्यालाच विचारायला सांगा, मला तो नीट सांगत नाही. भरणी पहाटे सुरू होते, त्यामुळे आदल्या रात्री मुक्कामाला या.